जुम्मे की रात

२ फेब्रुवारी १९६०, मंगळवार

परवाच्या पानावर मी लिहिलं आहे, 'खाजामियाँनी शब्द फिरवला. शुक्रवार ठरवून गेले आणि आता गुरुवार मागतात.' हे चूक आहे. ते पान मी फाडणार नाही, पण त्यावर कुणी विश्वास ठेवू नये, मीसुद्धा. खाजामियाँ शुक्रवार म्हणालेच नव्हते. त्यांचे शब्द होते, 'जुम्मे की रात'. शुक्रवार हा माझा शब्द.

जसं घडलं तसं लिहिते. संक्रांत होऊन आठवडा झाला असेल. खाजामियाँ करोडगिरीवर आले. करोडगिरी म्हणजे तामलवाडीजवळ, सोलापूर रस्त्यावर, निजामाच्या हद्दीवरचा जकातनाका. हद्द गेली तसा नाकाही गेला आणि कमानींत शेरडं बसू लागली. नाक्यावरचे जुने कारकून आण्णासाहेब, त्यांनी ती इमारत सरकारकडून भाडेपट्ट्यानं घेतली, अप्पांनी त्यात भागी घातली. वर्षभर चुना, फरशी, धाब्याची डागडुजी चालली. जिथं व्यापाऱ्यांची गाठोडी सोडून बघत, तिथं दिवाळीपासून लग्नं होतात, बारशी होतात, गाण्याच्या बैठकी बसतात. माल तोलायच्या काट्याचा लोखंडी आकडा छताला अजून आहे, त्याला आता गॅसबत्ती टांगतो. अप्पांना लिहिता येत नाही. आण्णासाहेब म्हणाले, "बंडप्पा, तुमची पोर मॅट्रिक झाली आहे ना? मग तारखा तिनं धरायच्या." तेव्हापासून मी धरते.

खाजामियाँ काकणं विकतात. माझ्या हातात पहिली काकणं त्यांनीच भरली. धाकट्या मुलीचा, मदिनाचा, निकाह ठरला म्हणून सांगत आले होते. "बेटा, शबेबरात झाली की पहिली जुम्मे की रात हमकू दे. कव्वाल पण आणतंय मी, गुलबर्ग्याहून." मी कॅलेंडर काढलं. जुम्मा म्हणजे शुक्रवार, एवढं मला येतं. शुक्रवार, एकोणीस फेब्रुवारी, असं लिहिलं. आण्णासाहेब ओट्यावर सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "जुम्मे की रात! बडी मुबारक रात है, मियाँ." खाजामियाँ गेल्यावर त्यांनी माझं लिहिलेलं मागून घेतलं, वाचलं आणि म्हणाले, "अक्षर मोत्यासारखं आहे." मला बरं वाटलं होतं.

पुढच्या आठवड्यात आण्णासाहेबांनी अठरा तारीख, गुरुवार, स्वतःच्या गाण्यासाठी घेतली. "मोकळाच आहे की," म्हणाले.

आणि परवा रविवारी खाजामियाँ सांगायला आले, की गुरुवारी दुपारी स्वयंपाकाच्या डेगा येतील, परसातली जागा झाडून ठेवा. आण्णासाहेब म्हणाले, "गुरुवार आमचा. तुमचा शुक्रवार. विचारा महादेवीला." मी लिहिलेलं वाचून दाखवलं.  खाजामियाँ म्हणाले, "हमारीच गलती होइंगी, आण्णासाहेब." मी तेवढ्यावरून ठरवलं, की चूक त्यांची.

आज त्यांच्या बीबी शरिफाबी आल्या, अव्वाला, म्हणजे माझ्या आईला, लग्नाला बोलवायला. "जुम्मेरातच्याला सांजच्या या. पोरीलाबी आणा."

अव्वा म्हणाली, "गुरुवारी? शुक्रवारी न्हवं का?"

शरिफाबी हसायलाच लागल्या. "अगं बाई, आमच्यात रात आधी येती, दिस मागनं येतो. दिवस बुडाला की दुसरा वार लागला. जुम्मे की रात म्हंजी जुम्मेरातचीच रात. तुज्या मॅट्रिकवालीला साळंत न्हाय शिकवलं व्हय?"

मी आत जाऊन पाणी प्यायले. मग आणखी एकदा प्यायले. शरिफाबी हसत होत्या, म्हणजे रविवारचं काही त्यांच्या कानावर नाही. खाजामियाँनी घरात सांगितलेलंच नाही.

३ फेब्रुवारी, बुधवार

अप्पांना सांगितलं. ते जेवत होते. म्हणाले, "जुम्मे की रात म्हंजी बेस्तरवार संपून लागती ती. हे मला ठावं हाय की."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तू काय लिवलंस ते मला कुठं वाचाय येतंय?"

हे खरं आहे. शब्द त्यांना माहीत, अक्षर मला. दोघांनी मिळून एक चूक केली. पण लिहिणारी मी.

अप्पांनी विचारलं, "आण्णासाहेब तितंच हुते म्हंतीस?"

मी म्हणाले, "हो, समोरच. पण ते सुपारी कातरत होते."

 अप्पा अर्धी भाकरी तशीच ठेवून उठले. माझ्यावर एवढे रागावलेले मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

५ फेब्रुवारी, शुक्रवार

काल दिवसभर मनात वाक्यं जुळवली आणि आज आण्णासाहेबांच्या घरी गेले. मी म्हणाले, "चूक माझी आहे. खाजामियाँनी गुरुवारच मागितला होता. मला शब्द कळला नाही."

ते मुळीच रागावले नाहीत. खुर्ची दिली. मी उभीच राहिले. "पोरी, मी या करोडगिरीत बावीस वर्षं दफ्तर सांभाळलंय. तिथं उर्दूत लिहायचो, आता तू मराठीत लिहितेस. पण कायदा एकच. लिहिलेलं खोडायचं नसतं. आज एकासाठी खोडलंस, की उद्या प्रत्येक इसम येईल आणि म्हणेल, मी असं नव्हतो म्हणालो."

"पण ते खरंच तसं म्हणाले नव्हते."

"ते स्वतःच म्हणाले ना, आमची चूक? मग तू कशाला अंगावर ओढून घेतेस? शिकलेल्या मुलीनं इतकं भित्रं असू नये."

मग समजावून सांगितलं. गुरुवारी उस्मानाबादहून साहेबलोक येणार. भाडेपट्टा या उन्हाळ्यात संपतो. तो वाढवून मिळाला नाही तर अप्पांची भागीही पाण्यात. सोलापूरच्या बाई गायला येणार, त्यांना दुसरा दिवस नाही. सगळं पटण्यासारखं होतं. निघताना त्यांनी हातावर खडीसाखर ठेवली.

रस्ताभर हलकं वाटलं. घरी आल्यावर खडीसाखर तोंडात घालवेना. अव्वाच्या डब्यात टाकून दिली.

७ फेब्रुवारी, रविवार

शुक्रवार घेऊन खाजामियाँना काही उपयोग नाही, हे आज कळलं. मी मदिनाकडे गेले होते. मदिना माझ्याच वयाची, आम्ही ओढ्यावर एकत्र धुणी धुतलेली. आता घरात कळलेलं आहे. ती जात्याशी बसली होती, मला बघून उठली नाही.

"ये, वार लिवनारीन," म्हणाली.

मी म्हणाले, "बोल हवं ते."

"बोलायला काय ठिवलंस?" मग तिलाच हसू आलं. "तुज्या हातानं काय बी लिव, पन माज्या मेहंदीला हात लावू नगंस. न्हाय तर नवऱ्याचं नाव बदलशील."

तिच्याकडून सगळं ऐकलं. गुरुवारी रात्री निकाह, शुक्रवारी नवरामुलगा सोलापुरात नमाजला जाणार, मग तिकडे त्यांचं जेवण. कव्वालांना शुक्रवारी कुठल्याशा उरसात बसायचं आहे. पुढच्या आठवड्यात चालेल का म्हणून विचारलं, तर लगेच रमजान लागतो. सोलापूरची माणसं पहिल्यापासून म्हणत होती, तुमच्या गावात दोनशे माणसं बसायला जागा कुठं, निकाह इकडंच करू. खाजामियाँच हट्टाला पेटले होते. माझ्या लेकीची बारात माझ्या दारात आली पाहिजे, बाजा वाजत आली पाहिजे.

मी विचारलं, "एवढा हट्ट कशाला?"

जात्यापलीकडून शरिफाबी म्हणाल्या, "मोठीचा निकाह त्या साली झाला. पोलीस ॲक्शन झालं त्या साली. दार लावून केला. तुजा अप्पा भाईर बसला हुता, चिलीम वडत, कुनी इचारलं तर घरात आजारी मानूस हाय म्हनाया. ढोलकीवर थाप पडली न्हाय, बाई. पोर रडली तर तिच्या तोंडावर हात ठिवला मी."

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. अप्पांनीही नाही.

९ फेब्रुवारी, मंगळवार

सोलापूरहून तबलजी जागा बघायला आले होते. मधल्या कमानीखाली उभं राहून त्यांनी एक टाळी वाजवली. आवाज छतापर्यंत गेला आणि सावकाश खाली आला. "इथं गायला लाऊडस्पीकर नको," म्हणाले. मीही त्यांच्यामागे उभी होते. चुना दिला तेव्हा मला वाटलं होतं की आपण भिंती पांढऱ्या करतो आहोत. आवाजही साफ होतो हे माहीत नव्हतं.

मग वाटलं, या टाळीच्या जागी मदिनाची ढोलकी हवी होती. दिवसभर हेच. दोनदा पाणी भरून आणलं, गरज नसताना.

१३ फेब्रुवारी, शनिवार

आण्णासाहेब अप्पांना म्हणाले, "बंडप्पा, तुमचा जीव मियाँत अडकला असेल तर भागी काढून घ्या. माझी हरकत नाही." अप्पा घरी येऊन बैलाची वेसण काढून परत घालत बसले.

मला एक विचारायचं राहिलं होतं, ते आज विचारलं. आण्णासाहेब करोडगिरीवर गाद्या मोजून घेत होते. मी म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही समोर बसला होतात. 'मुबारक रात' असं म्हणालात. तेव्हा गुरुवार आहे हे तुमच्या ध्यानात नाही आलं का?"

ते गाद्याच मोजत राहिले. मग म्हणाले, "मी सुपारी कातरत होतो, पोरी."

असंच असणार. बावीस वर्षं उर्दूत काम केलं तरी माणसाचं लक्ष प्रत्येक शब्दाकडे कसं राहील? मी उगाच विचारलं. त्यांना वाईट वाटलं असावं, कारण नंतर ते माझ्याशी बोलले नाहीत. अप्पांना हे सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लहानपणी ताप भरल्यावर बघायचे.

१५ फेब्रुवारी, सोमवार

हे लिहायला नको वाटतं, म्हणून आधी हेच लिहिते.

खाजामियाँ आज करोडगिरीवर आले. ओट्यावर पाच-सहा माणसं होती. तेलाचे दुकानदार कल्याणप्पा होते, अप्पा होते, मी आत दाराशी होते. खाजामियाँ चप्पल खाली काढून आले. म्हणाले, शुक्रवारही नको, निकाह सोलापूरलाच करतो. बुधवारी सकाळच्या मोटारीनं जाऊन तिकडं कळवतो.

आण्णासाहेब म्हणाले, "शुक्रवार तुमच्यासाठी अडवून ठेवला होता, मियाँ. आता तो ऐनवेळी कोण घेणार?"

"माफ करा. वार कळंना झालाय मला, बुढा झालो."

कल्याणप्पा म्हणाले, "काकनं बरूबर मोजता की वो मियाँ! डझनात एक कमी येत न्हाय. वारच तेवढा चुकला व्हय?"

सगळे हसले. खाजामियाँही हसले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरीला कुणी बोल लावू नगा. शिकलेली पोर हाय. तिनं बरूबर लिवलं."

त्या वेळी मला एवढंच म्हणायचं होतं, 'नाही, मी चुकीचं लिहिलं.' चार शब्द. तोंड उघडलं होतं. कल्याणप्पांचं लक्ष माझ्याकडे गेलं आणि मी दाराची कडी पुसायला लागले.

खाजामियाँ चप्पल हातात घेऊनच गेले. रस्त्यावर पोचल्यावर घातली.

अप्पा म्हणायचे, पूर्वी बाजारात खाजामियाँची हाळी तुळजापूरच्या वेशीपासून ऐकू यायची. मी कधी ऐकली नाही. मला आठवतं तसे ते हळूच बोलतात आणि कुठल्याही गोष्टीला आधी 'आमची चूक' म्हणतात. मला तो त्यांचा स्वभाव वाटायचा.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अप्पांनी माझ्यासमोर किल्ली ठेवली. करोडगिरीच्या दोन किल्ल्या आहेत, एक आण्णासाहेबांकडे, एक झाडलोटीसाठी आमच्याकडे.

"माजी भागी अर्दी हाय," अप्पा म्हणाले. "माज्या अर्ध्यात म्या खाजाला जबान दिलीया. तू काय लिवलंस त्याच्याशी मला काय करायचंय? मला वाचाय येत न्हाय."

मी म्हणाले, "आणि साहेबलोक?"

"ते रातच्याला आठला येत्याल. दुपारी चुली पेटल्या, सांजच्याला सोलापूरची मोटार आली, नवरदेव गादीवर बसला, म्हंजी मग आण्णासाहेब काय करत्याल? सायबांच्या म्होरं नवऱ्याला उटवत्याल? हात जोडून म्हनत्याल, या, आमच्या खाजामियाँच्या पोरीचं लगीन हाय, बसा." अप्पांना स्वतःलाच हसू आलं. "गानं बी हुईल. कव्वाल आदी, बाई मागनं. सायेब खूश."

"पण हे लबाडीचं नाही का, अप्पा?"

"न्हाय कसं? हाय की." मग म्हणाले, "लई सरळ वागून बगितलं, महादेवी. त्या साली दाराम्होरं चिलीम वडत बसलो, ते बी लबाडच हुतं."

भागी जाईल, भाडेपट्टा जाईल, हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. मीही नाही.

दुपारी मी खाजामियाँकडे गेले. ते ऐकायलाच तयार होईनात. "नक्को बेटा, झगडा नक्को. गावात ऱ्हायचंय आमाला. कल तुमी काय, निगून जाताल लगीन करून. आमी हितंच."

मी म्हणाले, "चूक माझी आहे, तुमची नाही."

"किसकी बी हो. भोगायची कुनी ते ठरल्यालं अस्तंय."

तेवढ्यात शरिफाबी चुलीपासून उठून आल्या. त्यांनी खाजामियाँच्या खिशातून मोटारीसाठी काढून ठेवलेली मोड काढून घेतली आणि आपल्या कनवटीला लावली. "उद्या तुमी सोलापूरला जायाचं न्हाय. डेगा सांगितल्यात त्या येत्याल. एका लेकीचं तोंड म्या दाबलं. ह्या हातानं दुसरीचं दाबायचं न्हाय मला."

"अगे, समज तो सही—"

"तुमी समजत बसा. मी कांदं चिरते."

खाजामियाँ माझ्याकडे बघत राहिले, जसं काही मीच त्यांना सोडवीन. मग अगदी हळू विचारलं, "बंडप्पा हायंत ना संगं?"

मी म्हणाले, "आहेत."

"आन् आण्णासाहेबास्नी सांगनार कोन?"

मी म्हणाले, "मी."

मदिना आतून म्हणाली, "ह्या डावाला वार नीट सांग, बाई."

१७ फेब्रुवारी, बुधवार

खाजामियाँ मोटारीला गेले नाहीत. मी सकाळी थांब्यापर्यंत जाऊन पाहिलं. मोटार आली, तुळजापूरचे यात्रेकरू उतरले, मोटार गेली.

आण्णासाहेबांना आधीच जाऊन सांगावं का, यावर दिवस गेला. चोरून काही करू नये असं मला वाटतं. दोनदा त्यांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेले. अप्पा म्हणतात, आधी सांगितलंस तर ते दुसरं कुलूप लावतील. मला तसं वाटत नाही. त्यांना नीट समजावून सांगितलं तर पटेल, ते समजूतदार आहेत. त्या दिवशी घाईत मी नीट सांगितलं नाही, एवढंच. पण अप्पांनी पहिल्यांदाच मला काही करू नको म्हणून सांगितलं आहे, म्हणून गेले नाही.

त्याऐवजी ठरवलं ते असं. मी किल्लीनं दार उघडेन आणि मागे परसात चुलींपाशी जाऊन लपणार नाही. आण्णासाहेब आणि साहेबलोक येतील तेव्हा मी पुढच्या दारात असेन. सोमवारी जे चार शब्द कडीवर पुसले ते तिथं, सगळ्यांसमोर म्हणेन. कल्याणप्पाही असतील, ते गाण्याला कधी चुकत नाहीत. मग आण्णासाहेबांना म्हणेन, की बोली आधी खाजामियाँची आहे, त्यामुळे निकाह आधी, गाणं नंतर. आवाज कापेल. आताही बोलून पाहते तर कापतो आहे. अव्वा विचारते, कुणाशी बोलतेस.

अप्पा विचारत होते, दार किती वाजता उघडायचं. मी म्हणाले, घड्याळाच्या वाजण्यावर नको, सूर्यावर धरू. मघाशी डेगांच्या माणसाला, कव्वालांच्या माणसाला आणि सोलापूरच्या मोटारीच्या कंडक्टरला, तिघांनाही मराठीत आणि जसं येतं तसं त्यांच्या बोलीत, दोन्हीकडून वार सांगितला, आणि प्रत्येकाकडून परत म्हणवून घेतला.

गुरुवार, अठरा फेब्रुवारी १९६०. उद्या. दिवस बुडायच्या आत, त्यांचा शुक्रवार लागायच्या आत.